प्रगतिपुस्तकात नसलेला आकडा

आपल्या पाल्याला सहामाहीत गणितात किती गुण मिळाले, हे आपल्या शाळेतील बहुतेक पालकांना तोंडपाठ असते. विज्ञानात दोन गुण कोठे गेले याची चौकशी पालकसभेत बारकाईने होते आणि ती व्हावी, असेच आम्हा शिक्षकांना वाटते. परंतु त्याच पालकांना "आपल्या रक्तातील एलडीएल किती?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : "आम्हाला काही त्रास नाही." आमचा आजचा लेख या उत्तराविषयी आहे. एलडीएल वाढल्याने त्रास होतच नाही. डोके दुखत नाही, ताप येत नाही, भूक मरत नाही. वीस-पंचवीस वर्षे काहीच जाणवत नाही आणि मग एके दिवशी जे होते, त्याला त्रास म्हणण्याइतकाही वेळ कित्येकांना मिळत नाही.

आपल्याकडे तो दिवस लवकर येतो. हृदयविकाराची कारणे शोधणारा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास ५२ देशांत झाला व २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा हिशेब २००७ साली मांडण्यात आला. आपल्या भागात हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९व्या वर्षी, असे त्यात आढळले. त्रेपन्नावे वर्ष म्हणजे कोणते? मुलगी बारावीत किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला, घराचे हप्ते अजून चालू, म्हातारे आईवडील घरात. फी-सवलतीच्या अर्जांवर 'वडिलांचे आकस्मिक निधन' हे कारण आम्ही वाचतो, तेव्हा हा विषय फक्त डॉक्टरांचा आहे असे आम्हाला वाटत नाही. तो शाळेचाही आहे.

एलडीएल म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. तो मेणासारखा एक पदार्थ आहे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो. ड जीवनसत्त्व, पचनाला लागणारे पित्त व कित्येक संप्रेरके त्यापासूनच तयार होतात. त्यातला मोठा भाग आपले शरीर, विशेषतः यकृत, स्वतः बनवते. पण मेण पाण्यात विरघळत नाही, तसे कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून फिरवले जाते. अशा एका प्रकारच्या गाठोड्यांना 'लो डेन्सिटी लायपोप्रोटीन', म्हणजेच एलडीएल, म्हणतात. याच्या उलट एचडीएल हे उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या कामी येते. लोक पहिल्याला वाईट व दुसऱ्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात, ते एवढ्यापुरते खरे आहे.

एलडीएल वाईट केव्हा ठरते? गरजेपेक्षा जास्त गाठोडी रक्तात वर्षानुवर्षे फिरत राहिली की त्यांतील काही रोहिणीच्या भिंतीत शिरून अडकतात. तेथे त्यांच्यात बिघाड होतो. त्यांना गिळायला रक्तातील पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या पोटात चरबी भरते आणि त्या तेथेच साठून राहतात. असा भिंतीच्या आतच एक थर वाढत जातो. नळात गाळ साचतो तसे हे होते, असे आपण वर्गात सोयीसाठी सांगतो. परंतु ती उपमा अपुरी आहे. हा थर नळाच्या आत नव्हे, तर नळाच्या भिंतीत असतो. बऱ्याच वेळा वाट फारशी अरुंद झालेली नसतानाच त्या थराचे पातळ कवच फुटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. हृदयात झाले तर झटका, मेंदूत झाले तर पक्षाघात. "परवापर्यंत रोज फिरायला जात होते, धडधाकट होते" असे आपण ज्यांच्याविषयी ऐकतो, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत असेच झालेले असते.

इंदूरकरांना समजेल असे उदाहरण

विद्यार्थी मित्रांनो, ही गाठोडी रक्तातून उचलतो कोण? हे काम मुख्यतः यकृताचे. यकृताच्या पेशींवर एलडीएल धरून आत ओढणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी त्यांचा शोध लावला आणि १९८५ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या इंदूरच्या मुलांना हे समजायला वेळ लागू नये. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर २०१७ पासून वर्षामागून वर्षे पहिले आले, ते रस्ते एकदा झाडले म्हणून नव्हे. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारी आली म्हणून. रिसेप्टर म्हणजे यकृताच्या कचरागाड्या. गाड्या भरपूर असतील तर गल्ली स्वच्छ. गाड्या कमी झाल्या की कचरा गल्लीतच राहतो.

या गाड्या कमी का होतात? एक कारण आपले ताट. तूप, लोणी, साय, पामतेल, खोबरेल तेल यांतील संतृप्त चरबी जास्त खाल्ली की रिसेप्टर घटतात व एलडीएल वाढते. दुसरे कारण वंश. काही मुले जन्मतःच निम्म्या गाड्या घेऊन येतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आले की असे होते. याला आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल म्हणता येईल. हा दोष दुर्मीळ आहे असे पूर्वी मानत. आज जगभरचा अंदाज सुमारे २५० माणसांमागे एक असा आहे. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी तीन-चार मुले असू शकतात. ती सडपातळ असतात, खेळात पुढे असतात आणि त्यांच्याकडे पाहून कोणालाही शंका येत नाही. उपचार झाले नाहीत, तर यांच्यापैकी अनेकांना ऐन चाळिशीत किंवा त्याआधीही हृदयविकार गाठतो.

या मुलांना "समोसा खाऊ नकोस" असे रागावून उपयोग नाही. पथ्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरते. ज्याचे १२० आहे त्याला तेवढे पुरेल. ज्याचे जन्मापासून २२० आहे त्याला पुरणार नाही. त्याला औषध लागेल. आठ-दहा वर्षांच्या वयापासून बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते देता येते. मात्र त्याआधी तो मुलगा सापडला पाहिजे. आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आकडा कसा वाचावा

रक्ताची 'लिपिड प्रोफाइल' तपासणी कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत काही शे रुपयांत होते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तिचा अहवाल आईवडिलांसोबत बसून वाचावा, असे आम्ही सुचवितो. त्यात पाचवीच्या गणितापेक्षा जास्त काही नाही. एलडीएल बरेचदा मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. ती रीत फ्रीडवाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७२ साली दिली. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे, मग ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून येणारी संख्या वजा करायची. समजा एकूण २१२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १५०. तर २१२ वजा ४२ वजा ३०, म्हणजे एलडीएल १४०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर ही रीत चालत नाही, तेव्हा थेट मोजावे लागते.

आता १४० चांगले की वाईट? आपल्या परीक्षेत ३३ गुणांना सगळेच उत्तीर्ण होतात. येथे तसे नाही, उत्तीर्णतेची रेषा प्रत्येकासाठी वेगळी आहे, आणि कमी गुण मिळविणारा पुढे आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली आपल्या देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार सर्वसाधारण निरोगी माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा धोका असलेल्यांचे ७० च्या खाली असावे. एकदा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांचे ५५ च्या खाली. म्हणजे वरच्या उदाहरणातले वडील मधुमेही असतील, तर "एकूण दोनशे बाराच तर आहे, थोडेसेच वाढले" असे म्हणून चालणार नाही. त्यांचा आकडा त्यांच्या रेषेच्या दुप्पट आहे. प्रयोगशाळेच्या कागदावरची छापील मर्यादा सर्वांना सारखीच असते. आपली मर्यादा डॉक्टरांना विचारावी. पहिली तपासणी अठराव्या वर्षी आणि घरात लवकर हृदयविकार झाला असेल तर त्याही आधी करावी, असे याच तत्त्वांमध्ये सांगितले आहे. उपाशीपोटीच गेले पाहिजे असा आग्रहही आता राहिलेला नाही.

"आमचे आजोबा तर..."

हा विषय काढला की दोन-तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "आमचे आजोबा पावशेर तूप खाऊन नव्वद वर्षे जगले." जगले असतील, आनंद आहे. पण त्यांच्यासारखेच तूप खाऊन पन्नाशीत गेलेल्यांची गोष्ट सांगायला त्यांचे नातू फारसे पुढे येत नाहीत. शिवाय आजोबा राजवाड्यापासून छावणीपर्यंत पायी जात. आपण चौकातून पोहे-जिलेबी आणायलाही गाडी काढतो.

दुसरे वाक्य मोबाइलवर फिरते : "अमेरिकेनेच सांगितले, कोलेस्टेरॉलची भीती संपली." हे अर्धसत्य आहे. २०१५ च्या अमेरिकन आहार-मार्गदर्शनातून अन्नातील कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढण्यात आली, हे खरे. कारण अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त चरबीच रक्तातील एलडीएल अधिक वाढवते. संतृप्त चरबीची मर्यादा मात्र तेथेही कायम ठेवली होती. रक्तातले एलडीएल निरुपद्रवी आहे असे कोणीही म्हटलेले नाही.

तिसरे वाक्य सर्वांत धोक्याचे : "रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली." चष्मा लावल्यावर फळा दिसू लागला, म्हणून कोणी चष्मा काढून ठेवतो काय? स्टॅटिन वर्गातील गोळ्यांचा शोध जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीवर काम करताना लावला. या गोळ्या यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याचे प्रमाण घटवतात. त्यामुळे यकृत रक्तातून एलडीएल उचलण्यासाठी जास्त गाड्या बाहेर काढते. १९९४ साली उत्तर युरोपातील पाच देशांच्या ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत अशा गोळीने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गोळ्यांना दोष नाहीत असे नाही. काहींचे स्नायू दुखतात, साखर किंचित वाढू शकते, गरोदरपणात त्या सामान्यतः देत नाहीत. पण गोळी बदलणे किंवा थांबविणे हे डॉक्टरांना विचारून व्हावे, शेजाऱ्यांना विचारून नव्हे.

दोन भाषांतला 'वसा'

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीच्या पुस्तकात 'वसा' म्हणजे चरबी. मराठीत वसा म्हणजे नेमाने पाळायचे व्रत, जे श्रावणातल्या कहाण्यांमुळे आपल्या घराघरांत माहीत आहे. इंदूरच्या मराठी घरात हे दोन्ही शब्द नांदतात, आणि गंमत अशी की पहिला कमी करायचा तर दुसरा घ्यावा लागतो. नमकीनच्या पाकिटावर हिंदीत 'संतृप्त वसा' व 'ट्रांस वसा' असे लिहिलेले असेल तेथे पाहावे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असलेले 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून भुलू नये. कोणत्याही वनस्पती तेलात मुळात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाण्याच्या बाटलीवर 'बिनसाखरेचे' लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

आम्ही सराफ्यात जाऊ नका असे सांगणार नाही. ते इंदुरात कोणी ऐकणारही नाही. फक्त हिशेब ठेवावा. चहाच्या एका चमच्याइतक्या, म्हणजे ५ ग्रॅम, तुपात सुमारे ३ ग्रॅम संतृप्त चरबी असते. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्याने ती २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १० टक्क्यांच्या मर्यादेवरून निघते. तुपाच्या सात चमच्यांत दिवस संपला. मग तुपात बुडवलेला बाफला, दुधाची साय, मावाबाटी आणि पामतेलात तळलेली शेव कोणत्या खात्यात लिहायची? वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी तर एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. १ जानेवारी २०२२ पासून सरकारने तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगले झाले. पण पुन्हा पुन्हा तापवून काळे झालेले तेल घरातही चालते, त्याला कायदा काय करणार? उपायही आपल्या मालव्यातच आहेत. नीमच-मंदसौरकडचे इसबगोल, डाळी, चणे, सोयाबीन यांचा रोजच्या जेवणात समावेश केल्यास एलडीएल थोडे उतरते. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था तर आपल्या इंदुरातच आहे.

एका ओळीची मागणी

आता विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे. आपल्या शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. उंची, वजन, दात, डोळे पाहतात. सर्व मुलांचे रक्त तपासा असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी एका ओळीची आहे. नवीन सत्राच्या आरोग्यपत्रकात एक प्रश्न छापावा : "मुलाचे आईवडील, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी किंवा आजीआजोबा यांपैकी कोणा पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता काय?" उत्तर 'होय' असेल तर त्या पालकांना डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मिळावी की, मुलाची व स्वतःचीही लिपिड तपासणी करून घ्या. यात खर्च शाईपुरता आहे. लाभ मात्र एकट्या मुलाचा नाही. असा दोष मुलात सापडला की तो आई किंवा वडिलांत, भावंडांत आणि काका-मामांतही शोधता येतो. एका मुलामुळे अख्खे घर वेळेवर सावध होऊ शकते.

काही पालक यावर नाखूश होतील, हे आम्ही जाणून आहोत. "मुलीच्या नावापुढे असे काही लिहिले गेले, तर उद्या स्थळ पाहताना आडवे येईल" ही भीती खोटी नाही; आपला समाज लहान आहे, बातमी लपत नाही. म्हणून आमचा प्रस्ताव असा की उत्तर ऐच्छिक असावे, बंद पाकिटात द्यावे, तपासणीच्या डॉक्टरांखेरीज कोणी ते उघडू नये आणि शाळेच्या दप्तरी त्याची नोंद राहू नये. वर्गशिक्षकांना नको, आम्हालाही नको. परंतु भीतीपोटी प्रश्नच विचारायचा नाही, हे आम्हाला मान्य नाही. ज्या मुलीचा दोष पंधराव्या वर्षी सापडतो, ती औषधाने इतरांसारखे दीर्घ आयुष्य जगू शकते. जिचा सापडत नाही, तिच्या घरच्यांना तो पुढे एखाद्या रात्री रुग्णालयाच्या दारात कळतो.

"शाळा म्हणजे दवाखाना नव्हे" असे विश्वस्तांपैकी कोणी म्हणतील. बरोबर आहे. पण शाळा ही अशी एकच जागा आहे की जेथे आपल्या समाजातील तरुण आईवडील वर्षातून दोन-तीनदा एकत्र येतात, तेही निरोगी असताना. दवाखान्यात ते येतात, तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडूनही आमची एक अपेक्षा आहे. येत्या सुट्टीत आजीजवळ बसा आणि घरातले कोण, कोणत्या वयात, कशाने गेले हे विचारून वहीत लिहून घ्या. हा गृहपाठ आम्ही तपासणार नाही. तो आईबाबांना दाखवा आणि त्यांचा शेवटचा रक्ताचा अहवाल कोणत्या वर्षीचा आहे, हे विचारा. जे बारावी होऊन शाळा सोडत आहेत, त्यांनी अठरावे वर्ष लागले की मतदार यादीत नाव घालण्याबरोबर ही तपासणीही एकदा करून घ्यावी.

विश्वस्त मंडळाने त्या एका ओळीला मंजुरी द्यावी आणि प्रत्येक घराने ती प्रामाणिकपणे भरावी, एवढीच आमची विनंती आहे.